दलाली मागणाऱ्याची कोंडी

(रोहा तालुक्यातील खांब येथे झालेल्या स्मृती व्याख्यानाचा छापील मजकूर)

सहारा समूहातल्या दोन कंपन्यांनी आपल्या गुंतवणूकदारांची माहिती सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवली, तेव्हा तिच्यातली एक नोंद कलावती नावाच्या बाईची निघाली. पत्ता उत्तर प्रदेशातल्या संत कबीर नगर जिल्ह्यातला, पण अर्धवट. कलावतीला योजनेत कोणी आणले, या रकान्यात नाव होते ‘हरिद्वार’. न्या. जगदीशसिंह खेहर यांनी नेमके तिथे बोट ठेवले. भारतात शहरांची नावे माणसांना ठेवत नाहीत, अलाहाबाद किंवा तिरुपती नावाचा माणूस कुठे भेटत नाही, अशा अर्थाचा शेरा त्यांनी ३१ ऑगस्ट २०१२च्या निकालपत्रात मारला. (काशीबाई, मथुराबाई आणि द्वारकाबाईंच्या हाताखाली वाढलेल्या कोकणी माणसाला हा शेरा जरा घाईचा वाटेल. तेलंगणात तर तिरुपती नावाची माणसे गल्लोगल्ली आहेत.)

कलावती खरी की खोटी, यावर पुढे वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहून आले. हरिद्वारचा विचार फारसा कोणी केला नाही. तो खरोखर असेल, सायकलीवरून वा पायी हिंडून त्याने कलावतीसारख्यांकडून पैसे गोळा केले असतील, तर त्याचे कमिशन त्याला मिळाले का? आणि मिळाले नसेल, तर ते मागायला तो कोणत्या न्यायालयात जाणार?

या व्याख्यानाचा विषय तो हरिद्वार आहे. कंपनीने आपले शेअर किंवा रोखे बाजारात न आणता खाजगीरीत्या खपवायचे, खपवणाऱ्याला टक्केवारी कबूल करायची आणि पैसे जमा झाले की टक्केवारी बुडवायची, असे झाल्यावर जो दावा उभा राहतो तो दिसायला सरळ असतो. काम केले, दाम द्या. आत शिरले की मात्र दावा लावणाराच त्यात अडकतो.

खाजगी विक्री कशाला म्हणायचे, याचा भारतीय कायदा रोह्याशी नाते सांगतो. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६चा, रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावातला. त्यांचे वडील द्वारकानाथ गणेश देशमुख वकील होते आणि चिंतामणरावांचे बालपण याच मुलखात, रोहा-तळ्याकडे गेले. १९४३मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले आणि १९५०पासून केंद्रीय अर्थमंत्री असलेले हे गृहस्थ १९५६च्या कंपनी कायद्याचे विधेयक संसदेतून पार करणारे मंत्री होते. सी. एच. भाभा समितीच्या अहवालावर तो कायदा उभा राहिला, १ एप्रिल १९५६ रोजी अमलात आला आणि त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणरावांनी मंत्रिपद सोडले. महाराष्ट्राला त्यांचा राजीनामा आठवतो. ६५८ कलमांचा कायदा कोणाला आठवत नाही, आणि त्यात नवल नाही.

त्या कायद्याचे ६७वे कलम आजच्या विषयाचे मूळ. शेअरचा देकार (ऑफर) सर्वांसाठी खुला असेल तर माहितीपत्रक छापा, सगळे उघड सांगा, असा नियम. अपवाद एकच. ज्यांना देकार दिला त्यांनीच तो स्वीकारायचा असेल, बाहेरच्या कोणाच्या हाती शेअर जाणार नसतील, किंवा देणारा आणि घेणारा यांच्यातली ती घरची बाब असेल, तर त्याला सार्वजनिक म्हणायचे नाही. किती माणसांपर्यंत ‘घरची बाब’ हे मात्र कायद्यात नव्हते. पन्नाशीच्या दशकात कंपन्या थोड्या, भांडवलदार एकमेकांना ओळखणारे. आकडा घालायची गरज त्या वेळी वाटली नसावी. पुढच्या चव्वेचाळीस वर्षांत या मोकळिकीचा फायदा ज्यांनी घ्यायचा त्यांनी घेतला. डिसेंबर २०००मध्ये संसदेने दुरुस्ती करून मर्यादा घातली: ५० किंवा अधिक जणांना देकार गेला की तो सार्वजनिक. २०१३च्या नव्या कायद्याचे ४२वे कलम आले आणि त्याच्या नियमांनी हा आकडा एका आर्थिक वर्षात २०० केला.

सहाराच्या दोन कंपन्यांनी आपले रोखे ‘मित्र, सहकारी, समूहातील कंपन्या, कामगार आणि समूहाशी संबंधित व्यक्ती’ यांना खाजगीरीत्या दिल्याचे सांगितले होते. त्यांतल्या सहारा हाउसिंगने आपले कागदपत्र मुंबईच्या कंपनी निबंधकाकडे नोंदवले होते. शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीला या प्रकरणाचा सुगावा लागला तो सहाराच्याच तिसऱ्या एका कंपनीमुळे. सहारा प्राइम सिटीने शेअरबाजारात उतरण्यासाठी सप्टेंबर २००९मध्ये मसुदा दाखल केला आणि त्यात या दोन बहिणींचा उल्लेख आला. सेबीचे पूर्णवेळ सदस्य के. एम. अब्राहम यांनी २३ जून २०११ रोजी आदेश काढला, मुंबईच्या अपील न्यायाधिकरणाने ऑक्टोबरमध्ये तो उचलून धरला, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये न्या. राधाकृष्णन व न्या. खेहर यांनी सगळी रक्कम १५ टक्के व्याजाने परत करायला सांगितले. रक्कम चोवीस हजार कोटींच्या वर होती.

हे ‘मित्र आणि सहकारी’ किती होते? तीन कोटींच्या आसपास.

त्यांच्यापर्यंत कंपनी कशी पोहोचली, हे निकालपत्रात आहे: दहा लाख एजंट आणि २,९००हून अधिक शाखा. हा आकडा सहाराविरुद्धचा मोठा पुरावा ठरला. घरच्या माणसाला शेअर द्यायला एजंट लागत नाही. दहा लाख एजंट नेमावे लागतात ते अनोळखी दारे ठोठावण्यासाठीच. एजंट आहे म्हणजे विक्री सार्वजनिक आहे, इतका साधा तर्क त्यामागे होता, आणि तो कोणत्याही वकिलाला खोडता आला नाही.

आता पुन्हा हरिद्वारकडे येऊ. समजा तो दिवाणी न्यायालयात उभा राहिला. आपण काम केले हे त्याला सिद्ध करायचे आहे. त्यासाठी तो काय दाखवणार? नेमणूकपत्र, कमिशनचा तक्ता, पावतीपुस्तके, आणि आपण आणलेल्या माणसांची यादी. यादी जितकी लांब, तितके त्याचे कमिशन मोठे. पण यादी जितकी लांब, तितकी ती विक्री खाजगी नव्हती हेही पक्के. आपला दावा सिद्ध करता करता तो कंपनीचा गुन्हा सिद्ध करतो, आणि कंपनीचा गुन्हा सिद्ध झाला की करार कायद्याचे २३वे कलम त्याच्या आडवे येते. ज्या कराराचा हेतू किंवा मोबदला कायद्याने मना केलेला आहे, तो करार न्यायालय बजावून देत नाही.

२०१३च्या कायद्याने तर हे स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले. खाजगी विक्रीची माहिती सर्वसामान्य लोकांना देण्यासाठी जाहिरात, प्रसारमाध्यम, विपणन, वितरणसाखळी किंवा एजंट यांपैकी काहीही वापरता येणार नाही, असे ४२वे कलम सांगते. प्रत्येक देकारपत्र नावानिशी, अनुक्रमांक घातलेले, पीएएस-४ या नमुन्यातले. पैसे बँकेतून, रोखीने नाहीत. शेअरवाटप साठ दिवसांत. कमिशनवरही बंधन आहे. शेअर खपवण्याची हमी घेणाऱ्याला शेअरवर जास्तीत जास्त ५ टक्के आणि रोख्यांवर अडीच टक्के, तेही कंपनीच्या नियमावलीत तरतूद असेल तर. आणि जे शेअर जनतेसाठी खुले केलेच नाहीत, त्यांवर असे कमिशन नाहीच. नोंदणीकृत मर्चंट बँकर सल्ल्याची फी घेतो, ते वेगळे. गावात फिरून ‘आमच्या कंपनीचे प्री-आयपीओ शेअर घ्या’ म्हणणाऱ्या पोराला दहा टक्के कबूल करणारी कंपनी त्याला जे देऊ करते, त्याला कायद्यात जागाच नसते.

हा पेच आजचा नाही. मुंबईने तो दीडशे वर्षांपूर्वी पाहिला. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबई बंदरात सोने ओतले जाऊ लागले. त्या पैशातून बँका आणि समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीच्या ५,००० रुपये भरलेल्या शेअरचा भाव ५०,०००च्या घरात गेला. नव्या कंपनीचे शेअर कोणाला मिळायचे हे बऱ्याचदा बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर ठरे. म्हणजे आज ज्याला खाजगी वाटप म्हणतात तेच, फक्त मर्जीचे. बाकीचे लोक वायद्यावर खेळत होते. एप्रिल १८६५मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ या वायदेपूर्तीच्या दिवशी पैसे कोणाकडेच निघाले नाहीत. बँक ऑफ बॉम्बे त्यानंतर तीन वर्षांत बुडाली.

त्याच १८६५ साली मुंबई सरकारने तिसऱ्या क्रमांकाचा एक छोटा कायदा केला. पैजेचे करार आधीपासून निरर्थक होतेच. या कायद्याने पुढची पायरी गाठली: अशा सौद्याला जाणूनबुजून हातभार लावणाऱ्याने कमिशन, दलाली, फी किंवा बक्षीस मागण्यासाठी लावलेला दावा कोणत्याही न्यायालयाने घ्यायचा नाही. परिणाम मजेदार झाला. तोच सौदा, तोच दलाल, पण कलकत्त्यात दलाली वसूल व्हायची आणि मुंबई इलाख्यात व्हायची नाही. कारण बाकीच्या हिंदुस्थानात पैजेचा करार नुसता निरर्थक होता, बेकायदा नव्हता. आणि निरर्थक कराराच्या अंगाने झालेला दुसरा करार टिकू शकतो. गव्हाच्या सौद्यांवरच्या भागीदारीच्या घेरुलाल पारख खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९मध्ये हाच भेद मान्य केला आणि मुंबईचा कायदा वेगळा असल्याची नोंद केली.

कोल्हापूर-सांगलीचा असो की पेण-रोह्याचा, दलालीच्या दाव्याचा निकाल शेवटी या भेदावर लागतो. मूळ व्यवहार नुसता निरर्थक होता, की मना केलेला होता? पहिला असेल तर दलालाला आशा आहे. दुसरा असेल तर त्याने कितीही उन्हातान्हात पाय झिजवले असोत, न्यायाधीश मान हलवतात आणि पुढचे प्रकरण पुकारतात. अमेरिकेतही याहून फार वेगळे नाही: १९३४च्या रोखेबाजार कायद्याखाली नोंदणी नसताना जो मध्यस्थ गुंतवणूकदार आणून देतो, त्याचा फीचा करार कंपनी रद्द करून घेऊ शकते, आणि कंपन्या तो रद्द करून घेतात, पैसे खिशात पडल्यावर.

ही गोष्ट संतापजनक आहे. कायदा मोडणारी कंपनी आपल्याच कायदाभंगाची ढाल पुढे करून एजंटाचे पैसे वाचवते. प्रस्तुत वक्त्याच्या मते अशा वेळी एजंटाने कमिशनच्या हक्कावर सगळा भार टाकू नये. फसवून, खोटे सांगून आपल्याला या कामाला लावले, ही त्याची खरी तक्रार आहे. करार कायद्याच्या २२३व्या कलमात सद्भावनेने काम करणाऱ्या एजंटाची भरपाई मालकावर टाकलेली आहे. गुन्हेगारी कृत्य असेल तर २२४वे कलम तेही नाकारते. त्यामुळे आपल्याला काय माहीत होते आणि काय सांगितले गेले होते, याचा कागद हाती असणे कमिशनच्या तक्त्याइतकेच मोलाचे ठरते.

व्यवहार कायदेशीर असला तरी खाचखळगे आहेतच. २१९वे कलम म्हणते की काम पूर्ण झाल्याशिवाय एजंटाचा मोबदला देय होत नाही. इंग्लंडमध्ये लक्सर कंपनीची सिनेमागृहे विकून देण्यासाठी कूपर नावाच्या मध्यस्थाला १०,००० पौंड कबूल केले होते. त्याने किंमत द्यायला तयार असलेले गिऱ्हाईक आणून उभे केले. कंपनीने विक्रीच केली नाही. १९४१मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले, विक्री झाली नाही, दलाली नाही.

त्याहून नेहमीची अडचण म्हणजे नेमणूकपत्रातली बारीक अक्षरातली ओळ: ‘सर्व वाद अमुक शहराच्या न्यायालयात’. इंडियन ऑइलने जयपूरच्या स्वस्तिक गॅसेस या कंपनीला वंगणतेलाचे एजंट नेमले होते. करारात कलकत्त्याच्या न्यायालयाचे नाव होते, ‘फक्त’ हा शब्द नव्हता. तरीही सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३मध्ये जयपूरवाल्यांना कलकत्त्याचा रस्ता दाखवला. आता खांबच्या माणसाने चाळीस हजारांच्या कमिशनसाठी लखनौला किंवा कलकत्त्याला खेपा घालायच्या, हा हिशेब कंपनीने सही घेतानाच केलेला असतो. रक्कम तीन लाखांच्या वर असेल आणि वाद व्यापारी स्वरूपाचा ठरला, तर तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसल्यास आधी मध्यस्थीला जावेच लागते. पाटील ऑटोमेशनच्या खटल्यात ऑगस्ट २०२२मध्ये ते सक्तीचे ठरले. दिवाळखोरी कायद्याचा धाक घालावा म्हटले, तर मार्च २०२०पासून किमान थकबाकी एक कोटी हवी. शिवाय कंपनीने नोटिशीच्या आधीपासूनचा खराखुरा वाद दाखवला की अर्ज बारगळतो. ‘नच बलिये’ कार्यक्रमाच्या टेलिव्होटिंगच्या बिलावरून झालेल्या मोबिलॉक्स विरुद्ध किरुसा या २०१७च्या निकालाने ते ठरवून दिले. नाचाच्या कार्यक्रमाने देशाच्या दिवाळखोरी कायद्याला वळण द्यावे, हे आपल्याकडेच घडते.

मग कमिशनवाला माणूस कधी जिंकतच नाही? जिंकतो. त्याचे उदाहरण या पट्ट्यातल्या प्रत्येक बाजारपेठेत रोज संध्याकाळी दिसते. सिंडिकेट बँकेने १९२८मध्ये उडुपीत पिग्मी ठेव सुरू केली. दुकानादुकानांतून रोज थोडी थोडी रक्कम गोळा करणारा पिग्मी एजंट बँकेचा नोकर नाही, स्वतंत्र ठेकेदार आहे, असे बँका वर्षानुवर्षे सांगत आल्या. वाद १९८०मध्ये हैदराबादच्या औद्योगिक न्यायाधिकरणाकडे गेला, निवाडा डिसेंबर १९८८मध्ये झाला, आणि इंडियन बँक्स असोसिएशनच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १३ फेब्रुवारी २००१ रोजी आला. एकवीस वर्षे. न्यायालय म्हणाले, हे लोक कामगार आहेत आणि त्यांना मिळणारे कमिशन हे वेतन आहे. १९८४पासून औद्योगिक विवाद कायद्यातल्या वेतनाच्या व्याख्येत धंदा वाढवण्यासाठी दिलेले कमिशन येत होते, त्याचा आधार मिळाला. किमान ठेव गोळा करणाऱ्याला महिन्याला ७५० रुपयांचे हमीवेतन आणि उपदान द्यायचा निवाडा कायम राहिला. रक्कम हसण्यासारखी वाटेल. पण तत्त्व मोठे होते, आणि ते मिळाले कारण पिग्मी गोळा करणे हे मुळात कायदेशीर काम होते.

हरिद्वार आणि पिग्मी एजंट एकाच गल्लीत फिरतात, एकाच दुकानाच्या पायरीवर बसून चहा घेतात. गिऱ्हाइकाला दोघांत फरक दिसत नाही, अनेकदा दोघांनाही तो दिसत नाही. आणि लोकांचे पैसे अडकतात तेव्हा दोघांनाही एकाच गोष्टीला तोंड द्यावे लागते: कंपनीचा पत्ता लांबचा असतो, एजंटाचे घर शेजारी असते. सप्टेंबर २०१०मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध येऊन पेण अर्बन बँकेचे व्यवहार थांबले, बनावट कर्जखात्यांचा घोटाळा बाहेर आला, तेव्हा ठेवीदारांनी संघर्ष समिती काढली, मोर्चे काढले. त्या वर्षांत या जिल्ह्यात ज्याने कुणाला कुठेही पैसे ठेवायचा सल्ला दिला होता, त्याला बाजारातून मान वर करून चालणे कठीण झाले. सहाराच्या चार सहकारी संस्थांच्या ठेवीदारांसाठी केंद्र सरकारने १८ जुलै २०२३ रोजी परताव्याची व्यवस्था सुरू केली. सहारा-सेबी खात्यातले ५,००० कोटी रुपये त्यासाठी न्यायालयाने मोकळे केले. तिथे अर्ज ठेवीदाराने करायचा आहे. थकलेल्या कमिशनसाठी तिथे रकाना नाही.

म्हणून, ज्यांचे कमिशन थकले आहे अशा या परिसरातल्या तरुणांना एवढीच विनंती. मुदत कायद्याने अशा दाव्याला तीन वर्षे दिली आहेत, आणि मुदत टळलेला दावा समोरच्याने हरकत घेतली नाही तरी न्यायाधीशांना फेटाळावाच लागतो. ‘साहेब पुढच्या महिन्यात देतो म्हणाले’ याने मुदत वाढत नाही. थकबाकी मान्य असल्याचे सहीचे पत्र मुदत संपण्याआधी मिळाले तर नवी तीन वर्षे सुरू होतात. ते पत्र मागा. नेमणूकपत्र, कमिशनचे तक्ते आणि वरिष्ठांचे फोनवरचे संदेश जपून ठेवा. नवी एजन्सी घ्यायला कोणी बोलावले, तर ज्याला शेअर विकायचा त्याच्या नावाचे पीएएस-४ देकारपत्र आधी दाखवायला सांगा. ‘कोणीही चालेल, माणसे आणा’ असे उत्तर आले तर त्याच पावली परत या. वकिलाची फी परवडत नसेल, तर रोह्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतले कोणीही तिथे मोफत वकील मागू शकतात.